कुंभ्याच्या माळाचं पाणी

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटतात. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसांचा तुरा. मालकानं मोटारसायकल पळवली की त्याच्या हाकेवर त्या मागनं दौडत सुटतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं शिट्ट्या मारतात. राधानगरीच्या डोंगरकुशीतल्या चौगल्यांच्या घरातून हंबीरराव बावीस वर्षं आपल्या दोन म्हशी टेम्पोत घालून त्या गर्दीत नेत आले होते. यंदा रंगाचे डबे माळ्यावरून उतरलेच नाहीत. श्रावणात त्यांचा धाकटा भाऊ विजयसिंह गेला होता. घरात दिवाळी नव्हती.

तरी सकाळी संयोगिता शेण काढायला गोठ्यात गेली, तेव्हा तिचे सासरे हंबीरराव थोरल्या म्हशीपाशी बसून तिच्या शिंगांना नुसतंच तेल चोळत होते.

"मामा, च्या गार हुतोय."

"हुंदे." हात थांबले नाहीत. "आक्का उठली?"

"उठल्यात. देवाम्होरं बसल्यात."

"आनी अमरसिंह कवा येतो म्हणाला?"

"जेवणं झाल्यावर."

"म्हंजी जेवायला न्हाय."

पाडव्याच्या दिवशी पुतण्या घरी येतो आणि जेवत नाही, याचा अर्थ सांगायला लागत नाही. विजयसिंहांचा मुलगा अमरसिंह कागलला कारखान्यात नोकरीला होता. त्यानं चार दिवसांपूर्वी फोनवर सांगितलं होतं, की वाटणीचं बोलायचंय आणि आक्कांच्या समोर बोलायचंय. आक्का म्हणजे हंबीररावांची थोरली बहीण. ती भाऊबिजेसाठी आदल्या दिवशीच आली होती. दोन भावांना ओवाळायला येणारी बाई यंदा एकासाठी आली होती, आणि आल्यापासून जपाशिवाय तिच्या तोंडून फारसं काही निघालं नव्हतं.

शेणाची पाटी उकिरड्यावर टाकून संयोगिता स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं. चुलीमागच्या उबेच्या कोनाड्यात, भाकरीच्या दुरडीआड तीन छोट्या बाटल्या ठेवल्या होत्या. ग्रामपंचायतीनं पाणी तपासायला शिकवलेल्या पाच बायकांत ती एक होती. बाटलीत तळाशी आधीच औषध असतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, दोन दिवस उबेला ठेवायचं. पाण्यात शेणामुताची घाण असली की पाणी काळं पडतं. एवढंच शास्त्र. तिनं दुरडी बाजूला सरकवली, बघितलं, आणि परत दुरडी होती तिथं लावली.

तिला आश्चर्य वाटलं नाही. हे तिला दीड महिन्यापासून माहीत होतं.

श्रावणात चार दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. घराच्या मागं चढत जाणारा कुंभ्याचा माळ चौथ्या दिवशी मधोमध फुटला. तांबडा लोट ओढ्यातून खाली आला, धाकट्या घराच्या, म्हणजे विजयसिंहांच्या, भातावर गुडघाभर माती पसरली, आणि दोन्ही घरं आणि वाडीतली बारा घरं जिचं पाणी पितात त्या विहिरीत ओढ्याचं पाणी शिरलं. नळ आले होते, पण नळाला पाणी त्याच विहिरीचं. तिसऱ्या दिवशी पाच घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. बाकीचे सावरले. विजयसिंहांना साखरेचा आजार होता. पुलावर पाणी होतं, ट्रॅक्टरवरून त्यांना पलीकडं नेईपर्यंत संध्याकाळ झाली. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावून होते. मग लघवी बंद झाली, आणि मग ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर, सप्टेंबरात, संयोगितानं विहिरीची बाटली भरली. दुसऱ्या दिवशीच ती काजळासारखी झाली. तिनं ती नवऱ्याला दाखवली. धैर्यशील बाटली परत तिच्या हातात देत म्हणाला, "आत्ता नगो. आबा आधीच खचल्यात. दिवाळी हुंदे." ग्रामपंचायतीच्या वहीत तिनं नोंद केली नाही. दर चार दिवसांनी पहाटे विहिरीत जंतू मारायची पावडर टाकली, आणि वाडीतल्या बायकांना सांगितलं, पाणी उकळून प्या, साथीचं दिवस हाईत. का उकळायचं ते सांगितलं नाही. ऑक्टोबरात वाडीतल्या शिवलीलाचं दोन वर्षांचं लेकरू पुन्हा आजारी पडलं, तीन दिवस दवाखान्यात राहून बरं होऊन आलं. त्या तीन दिवसांत संयोगिताला घास गिळवला नव्हता.

*

दुपारी सोप्यात सगळे बसले. हंबीरराव भिंतीला टेकून, आक्का घोंगड्यावर, धैर्यशील खांबापाशी. अमरसिंह खुर्ची नाकारून जमिनीवर बसला. त्याची आई धोंडुबाई उंबऱ्याच्या आत, पदर पुढं ओढून. कपाळ मोकळं. दिवसकार्यानंतर ती पहिल्यांदाच वरच्या घरात आली होती.

"आबा, मी भांडायला आलो न्हाय," अमरसिंह म्हणाला. "आमचा हिस्सा येगळा करा. सातबारा येगळा, हीर येगळी."

"हीर कशी येगळी हुईल? एकच हाय."

"मग ती तुमी ठेवा. आमी बोअर मारतो. त्या हिरीचं पाणी हितनं म्होरं माझी आई पिणार न्हाय."

"तुझ्या आज्ज्यानं पिलंय ते पाणी. चार पिढ्यांनी पिलंय."

"आज्ज्यानं पिलं ते पाणी येगळं हुतं."

"आमरू," आक्का म्हणाली, "सबूद जपून वापर."

"जपूनच वापरतोय आक्का. दवाखान्यात डॉक्टरनं मला पैलं काय इचारलं ठावं हाय? नाव न्हाय, वय न्हाय. पाणी कुठलं पिता, म्हणाला."

गोठ्यातून एक म्हैस रेकली.

हंबीररावांचा आवाज चढला. "पाऊस पडला बाबा! वर्साचा पाऊस चार दिसांत पडला. माती आली. त्यात माझ्या म्हशींनी काय केलं? ढगाला दावं बांधू व्हय मी?"

"पाऊस वरच्या जंगलातबी तेवढाच पडतोय. तिथला ओढा का तांबडा हुत न्हाय?"

"ह्याच म्हशींच्या दुधावर तुझा डिप्लोमा झालाय, इसरू नगोस."

"झालाय की. न्हाय कोण म्हणतंय? पर म्हणून माझ्या बापानं—" अमरसिंह थांबला. वाक्य पुरं झालं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

संयोगितानं सासऱ्यांच्या तोंडाकडं बघितलं. वीस वर्षं ती या माणसाला बघत होती. सहा म्हशींचा गोठा त्यांनी चौतीस म्हशींचा केला होता. सासूबाई गेल्या, त्या दिवशीही त्यांनी आधी धारा काढल्या आणि मग रडले. त्यांना ओरडताना तिनं खूपदा ऐकलं होतं. घाबरलेलं आज पहिल्यांदा बघत होती.

"हंबीर," आक्का हळू म्हणाली, "बानं पावसाळ्यात माळावर कवा जनावर सोडलं हुतं?"

"तवाची गोष्ट येगळी आक्का."

"मिरगापास्नं दसऱ्यापर्यंत माळ राखलेला असायचा. गड्याला राखण असायची. आपलं वासरू शिरलं तरी बा कोंडवाड्यात घालायचा. दसरा झाला की गवत कापायचं, भारं रचायचं, मग उरल्या बुडख्यांवर गुरं. इळभर पाऊस पडून गेल्यावर बा म्हणायचा, चिखलात जनावराचा खूर म्हंजी नांगर. आपून का डोंगर नांगरायचा? तू हुतास की ऐकायला."

"सहा म्हशी हुत्या तवा! चौतीस म्हशींना चार म्हयनं काय खाऊ घालू? माझी हाडं?"

आक्कानं माळेचा मणी पुढं ढकलला.

"भावजी, एक सांगू?"

आवाज उंबऱ्याकडून आला होता. धोंडुबाई पस्तीस वर्षांत थोरल्या दिरासमोर बसून कधी बोलली नव्हती. पदर तिनं तसाच ठेवला होता, पण मान वर होती.

"चार सालं झाली. पाऊस वसरला की त्ये हिरीत उतरायचं. पाटीनं गाळ काढायचं. मी वरनं दोर ओढायची. फाटंचं, तुमी धारंला बसला असताना. मला म्हणायचं, कुणाला बोलू नगो. दादाचा जीव म्हशीत हाय, त्येला कशाला वाईट वाटायला लावायचं." ती थांबली. "ह्या साली भातात माती आली, तवाबी म्हणालं, माती चांगली हाय, म्होरल्या साली पीक जोरात येईल. तीन दिसांनी झोपलं."

"मला बोलला न्हाय त्यो," हंबीरराव म्हणाले. "एकदाबी बोलला न्हाय."

"तुमीबी इचारलं न्हाईसा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं संयोगिताला वाटलं. रागावर बोलता येतं.

धैर्यशील खांबापासून पुढं सरकला. "जाऊ द्या आता. झालं गेलं. तात्यांना शुगर हुतीच. डॉक्टरनं नुसतं इचारलं, पाण्यानंच झालं म्हणून कुणी लिवून दिलंय? सिद्ध काय हाय?"

असं म्हणून त्यानं बायकोकडं बघितलं. चटकन, एकदाच. गप राहा, असं ते बघणं होतं. त्यात हुकूम नव्हता, विनवणी होती. बापाला वाचवायची विनवणी. तिला ती कळली, आणि नवऱ्याचा रागही आला नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर काही वेगळंच उभं होतं. पहाटेच्या अंधुकात एक माणूस पाटी भरतोय, एक बाई दोर ओढतेय, आणि दोघं एकमेकांना सांगताहेत, बोलू नगो. मग तिला दिसली ती स्वतःच, पावडरचा डबा पदराखाली धरून विहिरीकडं चाललेली. तीच विहीर, तीच वेळ.

ती उठली. स्वयंपाकघरात गेली आणि तिन्ही बाटल्या घेऊन आली. सासऱ्यांसमोर जमिनीवर ओळीनं ठेवल्या. दोन काळ्याकुट्ट. एक नितळ.

"ही हिरीची. ही आपल्या नळाची. आनी ही माळाच्या वरच्या अंगाची, जंगलात झरा फुटतो तिथली. पाणी तिथं चांगलं हाय, मामा. माळावरनं खाली येताना नासतंय."

"संयोगिता!" धैर्यशील म्हणाला.

"कवाची ही?" अमरसिंहानं विचारलं.

"परवाची. पर सप्टेंबरातबी मी हिरीची भरलीवती. तवाबी काळी झालती."

सांगून झाल्यावर तिला कळलं, आपण उभ्याच आहोत. ती खाली बसली.

धोंडुबाईनं पदर मागं सारला आणि तिच्याकडं नीट बघितलं. "दीड म्हयना? रोज सांच्याला तू माझ्याकडं येऊन बसत हुतीस की गं. माझ्या हातचं पाणी पीत हुतीस."

"व्हय, काकी."

"आनी तुला ठावं हुतं."

"ठावं हुतं."

"वैनी, तुमीबी?" अमरसिंह म्हणाला. "वरच्या घरात एक माणूस सरळ हाय असं मी आईला सांगत हुतो."

"मीच थांब म्हणालतो तिला," धैर्यशील म्हणाला. खांबाकडं तोंड करून म्हणाला. "तिला बोलू नगो. मी म्हणालतो."

"ह्येंनी म्हटलं हे खरं. पर तोंड माझं हुतं. वही माझ्याकडं हुती."

हंबीरराव या कुणाचंच ऐकत नव्हते. त्यांनी नितळ बाटली उचलली, उजेडाकडं धरली, फिरवून बघितली. मग ती जागेवर ठेवून काळी उचलली. धार काढल्यावर दुधाची प्रत बघावी तसं त्यांनी ते पाणी बघितलं. मग उठले, खुंटीवरची टोपी घातली, काठी घेतली आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

"जा पोरी त्येच्यामागनं," आक्का म्हणाली. "आत्ता एकटा नगो."

*

कुंभ्याच्या माळावर कुंभ्याची झाडं आता दोनच होती. एकेकाळी तिथं सावली मिळायची म्हणतात. आता पावलागणिक मुरूम पायाखाली सरकत होता. म्हशींच्या वाटा उतारावरून आडव्यातिडव्या गेल्या होत्या, आणि प्रत्येक वाटेची पावसानं नाली केली होती. त्या साऱ्या नाल्या मधल्या घळीत उतरत होत्या. घळ दोन पुरुष खोल होती, आणि तिच्या काठांची तांबडी माती ताज्या जखमेसारखी उघडी होती. जिथं गवत होतं तिथंही ते दातांनी मुळापर्यंत खरडलेलं. शेण जागोजाग वाळून पडलं होतं. पुढचा पाऊस ते सगळं धुऊन खाली नेणार होता.

हंबीरराव खालच्या कुंभ्यापाशी उभे होते. झाडाची मुळं कमरेइतकी उघडी पडली होती. त्यांनी एका मुळाला हात लावला.

"हितं आमी दोघं बसायचो, भाकरी खायला. मी आनी विजा. मूळ दिसत नव्हतं तवा. नुसतं गवत." त्यांनी काठीनं हवेत, आपल्या छातीजवळ एक रेघ दाखवली. "माती हितपर्यंत हुती. मी रोज येतोय हितं. रोज. मला कसं दिसलं न्हाय गं?"

"रोज येणाऱ्याला दिसत न्हाय, मामा."

"दिसलं हुतं." ते एकदम म्हणाले. "खोटं कशाला बोलू? चार सालांमागं विजा मला हितंच म्हणालता. दादा, पावसाळ्यात माळ राखूया का, बावाणी. मी हसलो. म्हटलं, तू तुझी भातं बघ. परत त्यो बोलला न्हाय. मगा मी धोंडुबाईला म्हणालो एकदाबी बोलला न्हाय. ते खोटं हुतं. आठवत हुतं मला."

वारा उतारावरून धूळ घेऊन गेला. खाली धाकट्या घराचं भात तांबड्या मातीखाली पडलेलं इथून स्पष्ट दिसत होतं.

"सुनबाई, खरं सांग. विजा ह्यानंच गेला?"

ती दीड महिना या प्रश्नाला घाबरत होती. आता तो समोर आला आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्यापाशी त्याचं पुरं उत्तर नाही.

"ह्यानंच गेलं असं मी म्हणू शकत न्हाय, मामा. साखर हुती, पुलावर पाणी हुतं, उशीर झाला. पर पाण्यानं आजारी पडलं हे खरं. आनी ते पाणी हितनं जातंय, हेबी खरं. त्येच्यापेक्षा जास्त मला म्हाईत न्हाय."

त्यांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलले तेव्हा संयोगितानं तोंड फिरवलं. सासरा रडताना सुनेनं बघू नये, एवढा मान तिला राखता येत होता.

खालून घंटांचा आवाज आला. तीन वाजले होते. गड्यानं नेहमीप्रमाणं दावी सोडली होती आणि म्हशी आपसूक वर निघाल्या होत्या. त्यांना हाकावं लागत नसे. गोठ्यामागच्या खिंडारातून त्या एकामागं एक माळाला लागत. हंबीरराव तसेच उतरून गेले आणि खिंडारात आडवे उभे राहिले. थोरली म्हैस सगळ्यांत पुढं होती. मालक वाटेत दिसल्यावर ती थांबली, मग त्यांच्या छातीला डोकं लावून हळूच ढकलू लागली. खेळ वाटला तिला. मागच्या म्हशी दाटीनं रेटायला लागल्या.

"हर्र! माघारी!"

आजवर हा शब्द त्या म्हशीनं त्यांच्या तोंडून इथं ऐकला नव्हता. ती हटेना. हंबीररावांनी काठी उगारली, आणि मारवेना म्हणून टाकून दिली, आणि दोन्ही हातांनी तिची शिंगं धरून तिला मागं रेटलं. चौसष्ट वर्षांचा माणूस. पाय मुरमात घसरत होते. गडबड ऐकून धैर्यशील आणि अमरसिंह मागच्या दारातून धावत आले. एकानं डावीकडून, एकानं उजवीकडून हाकारे घातले, तेव्हा कुठं कळप वळला.

धोंडुबाई आणि आक्का मागच्या अंगणात येऊन उभ्या होत्या. हंबीरराव धापा टाकत तिथवर आले. टोपी कुठं तरी पडली होती.

"धोंडुबाई, माळ तुझ्या नावावर करतो. वाटणीत तुझ्या हिश्श्याला. सगळा."

"आबा," धैर्यशील म्हणाला, "बसून बोलूया की. राखूया आपून माळ, नावावर कशाला—"

"मी राखीन म्हटलं, तर दोन सालं राखीन. तिसऱ्या साली वैरण कमी पडली की म्हणीन, दोनच म्हशी जाऊंदेत. मला मी ठावं हाय. माझ्या हातात ठेवू नगासा." ते अमरसिंहाकडं वळले. "तलाठी हापिस उघडलं की चल. मी कबुली देतो."

"आनी म्हशी?" अमरसिंहानं विचारलं. त्याच्या आवाजातली धार गेली नव्हती, पण तो आता जमिनीकडं बघत होता.

"गोठ्यात बांधून जेवढ्या जगवता येतील तेवढ्या ठेवीन. दहा, बारा. बाकीच्या जातील." थोरल्या म्हशीकडं त्यांनी बघितलं नाही. मग धोंडुबाईला म्हणाले, "मी तुझ्याम्होरं मगा खोटं बोललो. विजा मला बोललावता. मी ऐकलं न्हाय. मला—"

"पुढचं बोलू नगासा, भावजी." धोंडुबाईनं हात वर केला. "माफ कर म्हणाल, आनी मला हो म्हणायला लागंल. आज ते माझ्याच्यानं हुणार न्हाय. कवा हुईल, तेबी सांगता येत न्हाय."

ती माळाकडं बघत राहिली. पस्तीस वर्षं ज्या उताराचं गवत, शेणी आणि सरपण तिनं डोक्यावरून वाहिलं होतं, तो तिनं नव्यानं बघावा तसा बघितला.

"माळ घेते मी," ती म्हणाली. "मिरगापास्नं दसऱ्यापर्यंत एक खूर वर जायचा न्हाय. तुमचा न्हाय, माझ्या पोराचाबी न्हाय. आनी घळीला दगडाचं बांध घालायचं. उन्हाळ्याच्या आत."

"घालूया," हंबीरराव म्हणाले.

"तुमी घालायचं."

"व्हय. मी घालतो."

आक्कानं डोळे मिटले. गोठ्यात चौतीस म्हशी एकदम ओरडत होत्या, आणि तो आवाज अंधार पडेपर्यंत थांबला नाही.

*

भाऊबिजेच्या सकाळी संयोगितानं वही बाहेर काढली. सप्टेंबरातली तारीख घालून नोंद लिहिली, शेजारी आजची तारीख घालून उशिराचं कारण लिहिलं: 'मी सांगितले नाही.' मग पायांत चपला घातल्या.

धैर्यशील दाराशी उभा होता. "कुठं?"

"वाडीत. घरोघरी."

"कशाला आता? माळ बंद झाला. पावडर टाकतीयासच. लोकं तोंडाला येईल ते बोलतील. सगळ्या गावात आपली—"

"तात्यांनी गाळ गपचिप काढला. मी पावडर गपचिप टाकली. ह्या घरात सगळी एकमेकांना जपत बसली, आनी पाणी कुणीच जपलं न्हाय."

तो बाजूला झाला. ती पायऱ्या उतरून बरीच पुढं गेल्यावर त्यानं मागून हाक मारली, "मी येऊ?" तिनं न वळता हातानंच नको म्हटलं. हे एकटीचं होतं.

वाडीत बारा घरं. पहिलं शिवलीलाचं. ती निपाणीकडची, लग्न होऊन चारच वर्षं झालेली. सोप्यात पाटावर लेकराला बसवून ती त्याला तेल लावत होती.

"या की ताई, बसा. च्या ठेवते."

"च्या नगो. पाणी उकळतीयास न्हवं?"

"उकळते की. तुमीच सांगिटलंसा न्हवं. लई उपकार झालं बगा, न्हायतर हे पोरगं..." ती हसली.

संयोगिता उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. काल सासऱ्यांसमोर जे एका दमात बोलून गेली, ते इथं जिभेवर येईना. तिथं ती दुसऱ्याचं सांगत होती.

"शिवलीला, मी तुला उकळ म्हणाले, पर का ते सांगिटलं न्हाय. हिरीचं पाणी नासलंय हे मला सप्टेंबरातच ठावं हुतं. तुझं लेकरू दुसऱ्यांदा आजारी पडायच्या आधी. आमच्या माळावरनं घाण येती. घरचं नाव जाईल म्हणून मी गप बसले."

शिवलीलाचा हात लेकराच्या पाठीवर थांबला. ती नुसती बघत राहिली, समोरची बाई कोण आहे ते ओळखू येत नसल्यासारखी. मग तिनं लेकराला उचललं, तेलाच्या अंगानंच कडेवर घेतलं, आणि एक पाऊल मागं सरली.

"जावा तुमी," ती म्हणाली. "आत्ता जावा."

संयोगितानं मान डोलावली. ती अंगणातून बाहेर आली, क्षणभर कुंपणाच्या मेढीला धरून उभी राहिली, आणि मग पदर नीट केला.

शेजारच्या घराचं दार उघडंच होतं.